पाच सेकंदांच्या आतबाहेर

तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून दगड सोडला, तर खाली पोहोचताना त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास असतो. हवेचा अडथळा धरला नाही, तर त्याला २.८ सेकंद लागतात. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडला तोच वेग गाठायला कंपनीच्या आकड्यानुसार २.१ सेकंद लागतात. या गाडीत पाच माणसं बसतात, डिकीत सामान मावतं, मागे लहान मुलाची सीट बांधता येते. म्हणजे घरच्या वापराची गाडी आता रस्त्यावर आडवी पडते, आणि गुरुत्वाकर्षणापेक्षा जोरात पडते.

हे कुणी थांबवावं का, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी हास्यास्पद वाटला असता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने वाहनांच्या राष्ट्रीय मानकाचा एक मसुदा हरकतींसाठी लोकांसमोर ठेवला आणि त्यात एक छोटंसं कलम घातलं. प्रवासी गाडी दर वेळी सुरू केल्यावर तिची मूळ अवस्था अशी असावी, की शून्य ते शंभरला पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ लागू नये. त्याहून जोरात जायचं असेल तर चालकाने तसं मुद्दाम निवडावं. गाडीची ताकद काढून घ्या असं कुणी म्हटलेलं नाही; तलवार म्यानात असू द्या, एवढंच मागणं आहे.

वेगवान गाड्यांवर जीव असलेल्या माणसाने यावर नाक मुरडावं अशी अपेक्षा असते. मी त्यातलाच. तरी मला हे कलम आवडलं, आणि त्याचं सुरक्षिततेइतकंच महत्त्वाचं दुसरं कारण आहे: स्पोर्ट्स सेडान, म्हणजे चार दारांची, घरगुती दिसणारी पण जोरात धावणारी गाडी, या प्रकाराला वाचवायचं असेल, तर आधी तिच्या हातातलं स्टॉपवॉच काढून घ्यायला हवं.

ज्या गाड्यांच्या नावाने शौकीन आजही उसासे टाकतात, त्यांचे आकडे पाहा. बीएमडब्ल्यूची पहिली एम५ १९८५ ची. सरळ सहा सिलिंडर, २८६ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर साडेसहा सेकंद. मर्सिडीजची ५०० ई पोर्शेच्या मदतीने बनली. तिला सहाच्या आसपास लागायचे. १९९८ ची, ई३९ या सांकेतिक नावाची एम५, जिला अनेक जण या प्रकारातली सर्वोत्तम मानतात, तिच्यात ४.९ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ४०० हॉर्सपॉवर आणि फक्त हाताने टाकायचे सहा गिअर. वेळ ५.३ सेकंद. म्हणजे शौकिनांच्या देव्हाऱ्यातले हे सगळे देव चीनच्या त्या कलमातून एकही बटण न दाबता पास होतात.

१९९० च्या लोटस कार्लटनचीही गत तीच. ३.६ लिटरच्या इंजिनावर दोन टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे), ३७७ हॉर्सपॉवर, ताशी २८० किलोमीटरच्या पुढचा वेग. पण शून्य ते शंभर पाच सेकंदांच्या थोडं वरच. ब्रिटनमध्ये तेव्हा वर्तमानपत्रांनी हिच्यावर बंदी घालायची मागणी केली होती: चार दारांच्या गाडीला एवढा वेग कशासाठी? पुढे १९९३ मध्ये चोरांनी खरोखरच एक कार्लटन पळवली आणि तिच्यातून दुकानं फोडत फिरले. पोलिसांच्या गाड्या तिच्या धुळीलाही लागत नव्हत्या. ज्या गाडीने एका देशाची झोप उडवली, तिला आज एखादी साधी इलेक्ट्रिक फॅमिली कार सिग्नलवर सहज मागे टाकेल, आणि तिच्या मालकाला आपण काही पराक्रम केला हे कळणारही नाही.

हे घडतं कसं, ते थोडक्यात. पेट्रोल इंजिनाला ताकद द्यायची तर आधी फिरावं लागतं. बंद पडू नये म्हणून हजाराच्या आसपास, आणि खरा जोर हवा तर चार-पाच हजार फेऱ्यांवर. त्यातून क्लच, गिअर आणि टर्बो असेल तर त्याची हवा भरायची वाट. इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांवर पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देते. चाक निसटायला लागलं तर मोटरचा करंट काही हजारांश सेकंदांत कमी करता येतो. इंजिनाचा श्वास रोखायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. चारी चाकांना मोटरचा जोर आणि प्रत्येक चाक पकडीच्या काठावर, हे माणसाच्या पायाला जन्मात जमलं नसतं. तसं पाहिलं तर वीज पहिल्यापासून पुढेच होती. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियमच्या कामी जेनात्झीने ताशी १०० चा टप्पा रस्त्यावरच्या वाहनात पहिल्यांदा ओलांडला, तो बॅटरीवरच्या गाडीतून. गाडीचं नाव होतं ‘ला जामे काँतांत’, म्हणजे कधीच समाधान न होणारी. सव्वाशे वर्षांनी हे नाव या अख्ख्या धंद्यालाच शोभतं.

एका मित्राकडे अशी एक इलेक्ट्रिक सेडान आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर त्याने मला शेजारी बसवलं आणि म्हणाला, “डोकं टेकव.” मी टेकवलं नाही. पुढच्या क्षणी ते आपोआप टेकलं आणि पोटातलं सगळं पाठीला चिकटलं. आवाज काहीच नाही, फक्त टायरांची एक बारीक किणकिण. मी लहान मुलासारखा हसलो. दुसऱ्यांदा केलं तेव्हा काय होणार ते माहीत होतं, म्हणून मी हँडल धरून ठेवलं. तिसऱ्यांदा तो विचारायला लागला तेव्हा मीच म्हटलं, पुरे. मळमळत होतं हे एक, पण त्याहून मोठं कारण म्हणजे तिसऱ्या वेळेला नवीन काही घडणार नव्हतं. पाय पूर्ण दाबणं हे कौशल्य नाही. त्यात सुधारणा होत नाही, चूक होत नाही, आणि जिथे चूक होऊ शकत नाही तिथे शाबासकी कुणाला द्यायची?

याच्या उलट, माझ्या हातात काही वर्षं एक जुनी सहा सिलिंडरची पेट्रोल सेडान होती. वळण जवळ आलं की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, डावा पाय क्लचवर, आणि ब्रेक न सोडता उजव्याच पायाची कड ॲक्सिलरेटरला हलकेच टेकवायची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि क्लच सोडताना खालचा गिअर लोण्यासारखा बसतो. बसला तर. दहातल्या सात वेळा माझं चुकायचं. फेऱ्या कमी पडल्या तर गाडी नाक खाली घालून झटका द्यायची, जास्त झाल्या तर पुढे उसळायची. उरलेल्या तीन वेळा मात्र काहीच जाणवायचं नाही, आणि ते काहीच न जाणवणं हे माझं बक्षीस. तो वेग ताशी साठच्या वर क्वचितच असायचा. शेजारी बसलेल्याला यातलं काही कळायचंही नाही. स्पोर्ट्स सेडानची मजा या गुप्तपणात होती. बाहेरून ऑफिसला निघालेली गाडी, आत चालू असलेली शिकवणी.

एवढं वाचून पेट्रोलवाले टाळ्या वाजवायला लागले असतील, तर त्यांनी जरा थांबावं. ही शिकवणी बॅटरीने बंद केली नाही. ती पेट्रोल गाड्यांनी स्वतःच, इलेक्ट्रिक गाड्या दारात यायच्या आधी बंद केली होती. २०११ च्या एम५ मध्ये टर्बोने इंजिनाचा आवाज दबला, म्हणून बीएमडब्ल्यूने तो आतल्या स्पीकरमधून ऐकवायला सुरुवात केली. ‘खोटा आवाज’ म्हणून इलेक्ट्रिक गाडीला हिणवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. खोट्याची सुरुवात पेट्रोलच्या घरातच झाली. मग हाताने टाकायचे गिअर गेले, मग जोर चारी चाकांना गेला. प्रत्येक बदलाने गाडी एक-दोन दशांश सेकंदांनी वेगवान झाली आणि चालकाचं एकेक काम कमी झालं.

आणि वजन! ई३९ एम५ सुमारे १८०० किलोची. २०१७ ची एम५ सुमारे १८५५. २०२४ मध्ये आलेली एम५ प्लग-इन हायब्रिड आहे: व्ही८, शिवाय मोटर, शिवाय बॅटरी, ७२७ हॉर्सपॉवर आणि २४३५ किलो. तिला शून्य ते शंभर ३.५ सेकंद लागतात. तिच्या आधीच्या, १२७ हॉर्सपॉवरने दुबळ्या एम५ ला ३.४ लागायचे. जवळजवळ सहाशे किलो अंगावर चढवून, एवढी ताकद वाढवून, कागदावर एक दशांश सेकंद मागे. गंमत म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिक पोर्शे टायकान टर्बो जीटीचं वजन सुमारे २३०० किलो, म्हणजे या एम५ पेक्षा कमी. इलेक्ट्रिक गाड्या जड असतात ही तक्रार खरी आहे, पण ती एम५ च्या शेजारी उभं राहून करू नये.

मर्सिडीजने त्याच सुमारास वेगळाच प्रयोग केला. सी६३ या नावामागे कधी काळी ६.२ लिटरचं व्ही८ होतं. २०२२ मध्ये त्या जागी दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आलं आणि मागच्या ॲक्सलला मोटर. एकूण ६८० हॉर्सपॉवर, आधीच्या कुठल्याही सी६३ पेक्षा जास्त. आकड्यांच्या हिशेबात ही बढती होती. जुन्या ग्राहकांनी मात्र तोंड फिरवलं. त्यांना हॉर्सपॉवर हवी असती तर ते इलेक्ट्रिकच घेणार होते; त्यांना ते व्ही८ हवं होतं. स्टॉपवॉचने चालवलेल्या कंपनीला आपला ग्राहक कसा कळेनासा होतो, याचा हा नमुना.

इलेक्ट्रिकच्या बाजूनेही सगळं आलबेल नाही. टाकीभर पेट्रोल, समजा ६० लिटर, ४५ किलोच्या आसपास भरतं. टायकानची मोठी बॅटरी एकटीच सहाशे किलोच्या वर जाते, आणि तिच्यात त्या टाकीच्या पाचव्या हिश्शाइतकीही ऊर्जा मावत नाही. मोटर ती ऊर्जा जवळपास वाया न घालवता वापरते म्हणून गाडं चालतं. बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे गाडी वळणात फारशी झुकत नाही, आणि चालवणाऱ्याला वाटतं की वजन नाहीसं झालं. वजन कुठे जात नसतं. २४०० किलोच्या गाडीत १८०० किलोच्या गाडीपेक्षा त्याच वेगाला तेहेतीस टक्के जास्त ऊर्जा असते, आणि ती कुठेतरी जिरावी लागते: ब्रेकमध्ये, टायरमध्ये, नाहीतर समोर जे असेल त्यात. ब्रेकच्या बाबतीत इलेक्ट्रिक गाडी हुशार आहे, कारण मोटरच जनरेटरसारखी वापरून ती बरीचशी ऊर्जा परत बॅटरीत ढकलते. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकच्या धुळीची मर्यादा इलेक्ट्रिक गाडीला किलोमीटरला ३ मिलिग्रॅम आणि बाकी बहुतेक गाड्यांना ७ ठेवली आहे, ती याच भरवशावर. टायरचं काय, हा प्रश्न वेगळाच.

धुराबद्दल फार लिहीत नाही. सायलेन्सरमधून काही न सोडणारी गाडी चांगली, हे मान्य करायला मला त्रास होत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. ताकद आता लोखंडात राहिली नाही, ती सॉफ्टवेअरमध्ये गेली. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांचा पिकअप वाढवून देण्यासाठी वर्षाला १२०० डॉलर मागितले होते. मोटर तीच, गाडी तुमच्याच दारात, फक्त कुलूप कंपनीचं. शाओमीने २०२५ मध्ये याच्या उलट केलं. दीड हजार हॉर्सपॉवरच्या एसयू७ अल्ट्रा या इलेक्ट्रिक सेडानची ताकद एका अपडेटने ९०० वर आणली आणि पूर्ण ताकद हवी असेल तर आधी ट्रॅकवर ठरावीक वेळेत फेरी मारून दाखवा म्हणून सांगितलं. मालक खवळले, कंपनीने माघार घेतली. मालकांचा राग मला समजतो. विकलेली वस्तू रात्रीतून बदलणं ही फसवणूकच. पण कल्पना वाईट नव्हती. फक्त ती विक्रीनंतर, कंपनीच्या मर्जीने यायला नको होती. ती आधीपासून, सगळ्यांना सारखी, कायद्याने असायला हवी होती. कलमाची गरज मला इथेच दिसते.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. रस्ता हा अंदाजांवर चालतो. गल्लीतून बाहेर पडणारा सायकलवाला दूरची गाडी बघतो आणि मनाशी हिशेब करतो की ती इथवर यायला अमुक वेळ लागेल. रस्ता ओलांडणारी म्हातारी सिग्नलला उभी असलेली गाडी बघते आणि पाऊल टाकते. हा हिशेब आयुष्यभर पाहिलेल्या गाड्यांवरून बसलेला असतो, आणि त्यात आवाजाचाही वाटा असतो. इंजिन ओरडलं की आपण थांबतो. उभी गाडी दोन सेकंदांत शंभरला पोहोचते आणि पोहोचताना ओरडतही नाही, हे त्या हिशेबात बसत नाही. युरोपात इलेक्ट्रिक गाड्यांनी हळू चालताना पादचाऱ्यांसाठी आवाज करावा असा नियम आहे, पण तो ताशी २० पर्यंतच सक्तीचा. प्लेडला २० गाठायला किती वेळ लागत असेल, त्याचा विचार करा.

ओव्हरटेक करताना जोर असला की जीव वाचतो, हा युक्तिवाद मी स्वतः पूर्वी करायचो. त्यात तथ्य आहे, चार सेकंदांपर्यंत. त्यापुढे तो युक्तिवाद राहत नाही, सवय राहते. आणि कलम बटण काढून घेत नाही. ज्याला घाई आहे त्याने दाबावं. दाबताना निदान त्याने ते ठरवलेलं असेल. पहिल्यांदाच चालवायला घेतलेल्या भाच्याच्या पायाने ते ठरवलेलं नसेल.

शौकिनांना खरी भीती वाटते ती ही, की बंधन आलं की गाड्या मिळमिळीत होतील. इतिहास नेमकं उलट सांगतो. १९८९ मध्ये जपानच्या कंपन्यांनी रस्त्यावरच्या मृत्यूंचे वाढते आकडे पाहून आपसात ठरवलं, की कुठलीही गाडी २८० हॉर्सपॉवरच्या वर जाहीर करायची नाही. २००४ पर्यंत हे चाललं. थोडी लबाडी झालीच, काही इंजिनं कागदावर २८० आणि प्रत्यक्षात जास्त होती. तरी जाहिरातीत लिहायला मोठा आकडा उरला नाही, आणि अभियंत्यांचं लक्ष दुसरीकडे वळलं. मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशन ४ मध्ये १९९६ ला असं डिफरन्शिअल आलं, जे मागच्या दोन चाकांत जोर कमी-जास्त वाटून गाडीला वळणात आत खेचायचं. सुबारूच्या इम्प्रेझाने चालकाच्या हाताशी बोटाने फिरवायचं एक छोटं चाक दिलं; ते फिरवून पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारं मधलं डिफरन्शिअल किती घट्ट धरायचं हे तो स्वतः ठरवायचा. या दोन्ही चार दारांच्या, मागे पोरंबाळं बसवता येतील अशा गाड्या. आणि पंधरा वर्षं दोन कंपन्या एकमेकींशी वळणावर भांडल्या, कारण सरळ रेषेतलं भांडण आपसात मिटलेलं होतं. माझ्या मते स्पोर्ट्स सेडानचा तो सुवर्णकाळ होता, आणि तो बंधनातून आला.

इलेक्ट्रिक सेडानच्या हातात आज लान्सर इव्होल्यूशनच्या अभियंत्यांनी स्वप्नातही पाहिली नसती अशी हत्यारं आहेत. दोन, तीन मोटरी, प्रत्येकीवर वेगळा ताबा. ती सगळी सध्या सरळ रेषेत दगडाला हरवण्यात खर्च होतात. ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये खोटे आठ गिअर घातले तेव्हा मी भरपूर हसलो होतो. आता तितकं हसत नाही. खोट्या गिअरच्या टोकाला गाडी अडखळते, आवाज चढतो, आणि काट्याकडे न बघता वेग कळतो. गिअर खोटा, पण त्याने दिलेली माहिती खरी. ह्युंदाईने निदान ओळखलं की पिकअपच्या पलीकडे काहीतरी हरवलंय. मला तरी त्याहून साधं काही हवं आहे: निम्मी बॅटरी, सोळाशे किलो, तीनशे हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना जोर. अशी गाडी मला आज कुठे दिसत नाही, कारण जाहिरातीतल्या आकड्यात ती हरेल.

मित्राला त्या दिवशी मी एक विनंती केली. सगळ्यात मवाळ मोड लाव, स्पीकरमधला आवाज बंद कर आणि घाटात मला चालवू दे. पहिली दोन वळणं काहीच वाटलं नाही. तिसऱ्याला थोडा जास्त वेग झाला आणि मला पुढचा बाहेरचा टायर ऐकू आला. किंचाळणं नव्हे, त्याच्या बऱ्याच आधीचा, रबर रस्त्यावर दाबलं जातानाचा घरघरता आवाज. मी स्टिअरिंग केसभर सोडलं, तो थांबला. पुन्हा आवळलं, पुन्हा आला. माझ्या जुन्या गाडीत हा आवाज कधी ऐकलाच नव्हता, तो इंजिनाखाली बुडून जायचा. पुढची अर्धी घाटवाट मी त्या एका टायरकडे कान देऊन चालवली. चुकलोही. एका वळणाला उगाच ब्रेक लावला आणि जड गाडी नाक बाहेर काढून सरकली, तेव्हा मित्राने आवंढा गिळलेला मला दिसला.

वर पोहोचल्यावर त्याने जागा बदलायला लावली, मोड बदलला आणि म्हणाला, “आता खरी गाडी बघ.” मी डोकं टेकवून बसलो.